वाचकांचे प्रश्न : बीएनपी, छात्रदल आणि ‘साधारण संपादक’

प्रश्न : ताई नमस्कार, मी लातूरला राहून एमपीएससीचा अभ्यास करतोय. बांगलादेशच्या बातम्या वाचताना बीएनपीचं मूळ नाव ‘जातीयतावादी दल’ असं दिसलं. आपल्याकडं जातीयवादी म्हणलं की लोक अंगावर येतात, मग एखादा पक्ष स्वतःलाच असं कसं म्हणवून घेतो? आणि छात्रदल, युवदल, कृषक दल, ताँती दल हे सगळे वेगळे पक्ष आहेत का एकच?

उत्तर : आधी शब्दाची गाठ सोडवू, कारण इथं बरेच जण अडखळतात. बंगालीत ‘जाति’ म्हणजे आपली जात नव्हे, राष्ट्र. ढाक्यात राष्ट्रगीताला ‘जातीय संगीत’ म्हणतात आणि पार्लमेंटला ‘जातीय संसद’. म्हणजे ‘बांगलादेश जातीयतावादी दल’ हा सरळसरळ बांगलादेशचा राष्ट्रवादी पक्ष झाला, इंग्रजीत बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी, म्हणून बीएनपी. जातीय दंगल, जातीय सलोखा असे शब्द ऐकत मोठं झालेल्या मराठी माणसाला ते नाव खटकणारच, त्यात तुमची काही चूक नाही.

पण राष्ट्रवादी म्हणजे कुठल्या राष्ट्राचे, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर त्या देशात ५० वर्षं भांडण चालू आहे. १९७२ च्या राज्यघटनेत लिहिलं होतं की इथले नागरिक ‘बंगाली’ म्हणून ओळखले जातील. त्यावर चित्तगाँगच्या डोंगराळ भागातून निवडून आलेले चाकमा जमातीचे मानवेंद्र नारायण लारमा घटना समितीत उभे राहिले आणि म्हणाले की मी चाकमा आहे, माझे बापजादे बंगाली नव्हते, मला बंगाली म्हणू नका. त्यांचं कुणी ऐकलं नाही. पुढं बीएनपीचे संस्थापक जनरल झिया उर रहमान सत्तेवर आल्यावर १९७७ मध्ये ‘बंगाली’ काढून ‘बांगलादेशी’ केलं. वरवर बघितलं तर लारमांचं म्हणणं मान्य झाल्यासारखं वाटतं, पण त्याच दुरुस्तीत धर्मनिरपेक्षता हा शब्द काढून सर्वशक्तिमान अल्लाहवरची श्रद्धा आणली, घटनेच्या सुरुवातीला बिस्मिल्लाह आलं. बंगाली म्हणलं की कोलकात्याचा हिंदू बंगालीही त्यात आला, बांगलादेशी म्हणलं की सीमा आखली गेली आणि आतल्या बहुसंख्यांचा धर्म ठळक झाला. बीएनपीचा राष्ट्रवाद तो हाच, परीक्षेत विचारलं तर ‘बांगलादेशी राष्ट्रवाद’ एवढं लक्षात ठेवा, आवामी लीगचा, म्हणजे शेख मुजीब आणि त्यांची मुलगी शेख हसीना ह्यांच्या पक्षाचा, ‘बंगाली राष्ट्रवाद’.

आता अंगं. बंगालीत त्यांना ‘अंग संगठन’च म्हणतात, म्हणजे पक्षाच्या शरीराचे हातपाय. ही इतकी का वाढली हे समजायला पक्ष कसा जन्मला ते बघावं लागतं. झिया हे लष्करातले, १९७१ च्या २७ मार्चला चित्तगाँगजवळच्या कालुरघाट रेडिओ केंद्रावरून शेख मुजीबांच्या वतीने स्वातंत्र्याची घोषणा वाचणारे मेजर म्हणून लोकांना माहीत, पण गावागावात त्यांचा कार्यकर्ता नव्हता. आपल्याकडं पक्ष बहुतेकदा चळवळीतून येतो आणि मग सत्तेत जातो, इथं सत्ता आधी होती आणि पक्ष नंतर. १ सप्टेंबर १९७८ ला ढाक्याच्या रमनामध्ये पत्रकार परिषद घेऊन पक्ष जाहीर केला, ऑक्टोबरात युवदल, १ जानेवारी १९७९ ला छात्रदल, आणि फेब्रुवारीत संसदेची निवडणूक, ३०० पैकी २०७ जागा! पाच-सहा महिन्यांत. माणसं आली कुठून तर सगळीकडून, मौलाना भाशानी ह्या नेत्याच्या डाव्या पक्षातून आली, जुन्या मुस्लिम लीगमधून आली, झियांचे पंतप्रधान शाह अझिझुर रहमान तर १९७१ मध्ये युनोत पाकिस्तानची बाजू मांडायला गेलेले होते. निवडणुकीचं चिन्ह ‘धानेर शीष’ म्हणजे भाताची लोंबी, तेसुद्धा भाशानींच्या पक्षाकडून आलेलं.

एवढ्या वेगवेगळ्या लोकांना एका माळेत ओवायचं तर प्रत्येकाला बसायला एक पाट हवा. म्हणून शेतकऱ्यांना कृषक दल, विणकरांना ताँती दल, कोळ्यांना मत्स्यजीवी दल, मौलवींना उलेमा दल, बायकांना महिला दल, मुक्तियुद्धात लढलेल्यांना मुक्तियोद्धा दल, कामगारांना श्रमिक दल, नाटक-गाण्यावाल्यांना जासास. वेगळे पक्ष नाहीत हे. प्रत्येकाची जिल्हा, उपजिल्हा, वॉर्ड अशी कमिटी असते, आणि प्रत्येक कमिटीत पदं. एका छोट्या गावात बीएनपीचा अध्यक्ष एकच होऊ शकतो, पण दहा अंगं असली की दहा अध्यक्ष होतात. माझ्या मते बीएनपी टिकली ती ह्या पाटांमुळे. १९८१ मध्ये झियांची चित्तगाँगच्या सर्किट हाऊसमध्ये हत्या झाली, पुढच्याच वर्षी जनरल इर्शादनी सत्ता घेतली, वरचे किती नेते इर्शादकडे पळाले, पण खालचं जाळं राहिलं आणि राजकारणाचा गंध नसलेल्या, झियांच्या पत्नी खालिदा झियांना तेच घेऊन १९९१ मध्ये पंतप्रधान होता आलं.

प्रश्न : मी रत्नागिरीचा, आखातात एसी मेंटेनन्सचं काम करतो. आमच्या रूममध्ये नोआखालीचा एक भाऊ आहे, स्वभावाने एकदम चांगला. तो म्हणतो मी इथल्या बीएनपीचा ‘साधारण संपादक’ आहे. मला वाटलं हे लोक पेपर काढतात. त्याच्या मोबाईलमध्ये पोस्टर आहे त्यात कोपऱ्यात तीन छोटे फोटो आणि मधे ह्याचा मोठा. हे काय प्रकरण आहे? परदेशात पक्ष चालतो का त्यांचा?

उत्तर : पेपर नाही भाऊ, बंगालीत ‘साधारण संपादक’ म्हणजे जनरल सेक्रेटरी, सरचिटणीस! ‘संपादक’ म्हणजे काम पार पाडणारा. तसंच ‘सभापती’ म्हणजे अध्यक्ष, आणि त्याने कधी सांगितलं की अमक्याला ‘बहिष्कार’ केला तर त्याचा अर्थ पक्षातून हाकलला, आपल्यासारखा वाळीत टाकला असा नाही. तिन्ही शब्द आपल्या ओळखीचे आणि तिन्ही फसवे.

पोस्टरमधले कोपऱ्यातले तीन फोटो बहुतेक झिया, खालिदा आणि त्यांचा मुलगा तारिक रहमान ह्यांचे असणार. बाप, आई, मुलगा हा क्रम ठरलेला. खाली ‘सौजन्ये’ असं लिहून पोस्टर लावणाऱ्याचं नाव आणि पद असतं, नीट बघा. आपल्याकडच्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखंच, वरती मोठे साहेब छोट्या गोलात आणि मधे गल्लीतले भाऊ हात जोडून. घरापासून हजारो किलोमीटर लांब, दिवसभर कुणाच्या तरी इमारतीत काम करणाऱ्या माणसाला त्या पोस्टरवर स्वतःचं नाव पदासकट दिसतं, गावात आईबापाला लोक सांगतात की तुमचा मुलगा नेता झाला, ह्याची किंमत आपण बाहेरून करू नये. तुमच्या दोस्ताला त्याबद्दल हसू नका एवढी माझी विनंती.

पण कायद्याचं विचाराल तर तिथं गंमतशीर पेच नाही, गंभीर पेच आहे. २००८ मध्ये लष्कराच्या पाठिंब्यावरचं काळजीवाहू सरकार असताना निवडणूक कायदा बदलला आणि पक्षांची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी हवी तर पक्षाच्या घटनेत परदेशात ऑफिस, शाखा, कमिटी ठेवायची तरतूद नको, आणि विद्यार्थी, शिक्षक, कारखान्यातले कामगार ह्यांच्या संघटना पक्षाला जोडलेल्या नकोत. पक्षांनी काय केलं? बीएनपीने छात्रदल आणि श्रमिक दल ही दोन नावं ‘अंग’ ह्या यादीतून उचलून ‘सहयोगी’ ह्या यादीत ठेवली. आवामी लीगनेही त्यांची छात्र लीग अशीच बाजूला सरकवून तिला ‘भ्रातृप्रतिम’ म्हणजे भावासारखी संघटना म्हटलं. परदेशातल्या कमिट्या चालूच, लंडनची तर एवढी जोरात की तारिक रहमान १७ वर्षं तिथं राहिले आणि तिथूनच पक्ष चालवत होते, डिसेंबर २०२५ मध्ये ढाक्याला परतले आणि त्याच महिन्यात खालिदा झिया वारल्या.

ह्यात एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हे अंगांचं लचांड मुळात कायद्यानेच घट्ट बांधलं गेलं. १९७६ मध्ये झियांच्या मार्शल लॉ काळात पक्षांसाठी नियमावली आली आणि त्यातून विद्यार्थी संघटना पक्षाची अंगं म्हणून कागदावर आल्या. त्याआधी त्या पक्षांच्या जवळच्या असायच्या पण स्वतःचा बाणा ठेवून असायच्या, १९५२ चं भाषा आंदोलन, पाकिस्तानी राजवटीविरुद्धचा १९६९ चा उठाव विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन केला आणि पक्ष मागून आले. म्हणजे एका लष्करी राजवटीने बांधा म्हणून सांगितलं, ३२ वर्षांनी लष्कराच्या छायेतल्या दुसऱ्या सरकारने सोडा म्हणून सांगितलं, आणि मधल्या काळात गाठ इतकी आवळली गेली होती की कागद बदलून ती सुटलीच नाही.

तुमचा दोस्त कामगार आहे म्हणून सांगते, त्या दोन ‘सहयोगी’ संघटनांतल्या श्रमिक दलाबद्दल त्याला जरूर विचारा, माझ्यापेक्षा जास्त त्याला माहीत असेल.

प्रश्न : मी पुण्यात कॉलेजात शिकवते. बांगलादेशात पक्षांच्या विद्यार्थी संघटनांनी केलेल्या मारामाऱ्या वाचून वाटतं की आपल्याकडं निवडणुका नाहीत तेच बरं. विद्यार्थी संघटना पक्षापासून तोडूनच टाकाव्यात असं तुम्हाला वाटत नाही का?

उत्तर : मॅडम, तुमची काळजी अगदी खरी आहे आणि त्याची दोन नावं मला कायम आठवतात. दोन्ही ढाक्याच्या बुएट म्हणजे इंजिनीअरिंग विद्यापीठातली, तिकडचं आयआयटी समजा. ८ जून २००२, बीएनपी सत्तेत, छात्रदलाच्या दोन गटांत टेंडरवरून गोळीबार झाला. कॉलेजच्या आवारातल्या कामाचं टेंडर, विद्यार्थी संघटनेचे लोक त्यासाठी पिस्तुलं घेऊन. मधे सापडली साबेकुन नाहार सोनी, केमिकल इंजिनीअरिंगची मुलगी. तिचा कुठल्याच गटाशी संबंध नव्हता. आणि ७ ऑक्टोबर २०१९, आवामी लीग सत्तेत, छात्र लीगच्या मुलांनी आबरार फहादला फेसबुक पोस्टवरून हॉस्टेलच्या खोलीत रात्रभर मारलं, त्यात तो गेला. त्यानंतर बुएटने कॅम्पसमध्ये संघटनात्मक राजकारणावर बंदी घातली. पक्ष वेगळे, मधे १७ वर्षं गेली, तरी गोष्ट तीच, ज्याचं सरकार त्याच्या पोरांचं हॉस्टेल.

पण म्हणून मी तुमच्या निष्कर्षाला येत नाही. कारण हेच छात्रदल १९९० मध्ये वेगळं होतं. त्या जूनमध्ये ढाका विद्यापीठाच्या विद्यार्थी संसदेची, डाकसूची निवडणूक छात्रदलाने जिंकली, अमानुल्लाह अमान उपाध्यक्ष झाले. ऑक्टोबरात सगळ्या संघटना, आवामीवाले, डावे, छात्रदल, एकमेकांची तोंडं न बघणारे एका मंचावर आले, सर्वदलीय छात्र ऐक्य, आणि ६ डिसेंबरला इर्शादना सत्ता सोडावी लागली. वरचे नेते एकत्र यायला तयार नव्हते तेव्हा पोरांनी त्यांना ओढून आणलं.

आणि मग लोकशाही आल्यावर काय झालं तर डाकसूची निवडणूकच बंद! २८ वर्षं, २०१९ पर्यंत, खालिदांच्या राज्यातही नाही आणि हसीनांच्याही नाही. मत मागायचं नसेल तर विद्यार्थी नेत्याला मुलांची गरजच काय उरते? त्याला गरज वरच्या नेत्याची, जो कमिटीवर सही करतो. हॉस्टेलची खोली वाटणं, टेंडर, चांदा म्हणजे वसुली, ह्यावर संघटना जगायला लागते आणि नेते म्हातारे होतात. म्हातारे म्हणते ते अक्षरशः घ्या. २०१९ मध्ये छात्रदलाच्या अध्यक्षपदाला उभं राहायला अट घातली की एसएससी २००० साली किंवा नंतर पास झालेला हवा, म्हणजे ३५ च्या आसपासचा चालेल, तर त्याहून मोठी मंडळी चिडली आणि त्यांनी नया पल्टनच्या बीएनपीच्या मुख्य ऑफिसला कुलूप लावलं. पुढं कोर्टाचा स्थगिती आदेश आला, शेवटी एका ज्येष्ठ नेत्याच्या घरात रात्री मतदान घेऊन अध्यक्ष निवडला. कागदावर जी संघटना पक्षाची अंगच नाही तिच्यासाठी हे सगळं, बघा.

ऑगस्ट २०२४ मध्ये हसीना सत्तेवरून गेल्यावर तर परीक्षाच सुरू झाली. बाजार, बसस्टँड, फेरीघाट जिथं आधी आवामी लीगच्या छात्र लीग आणि युव लीगचे लोक वसुली करायचे तिथं आता बीएनपीच्या युवदल, स्वेच्छासेवक दलाचे लोक आले अशा तक्रारी यायला लागल्या, पक्षाने हजारो जणांवर कारवाई केली, रोज बहिष्काराची पत्रकं. जुलै २०२५ मध्ये जुन्या ढाक्यात मिटफर्ड हॉस्पिटलजवळ एका भंगारवाल्या व्यापाऱ्याला भर रस्त्यात दगडाने ठेचून मारलं, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, आणि पक्षाला युवदल, छात्रदल, स्वेच्छासेवक दल तिन्हीतल्या लोकांना काढावं लागलं. मला तो व्हिडिओ पूर्ण बघवला नाही.

दोनच महिन्यांनी डाकसूची निवडणूक झाली, तेव्हा ढाक्याच्या मुलामुलींनी छात्रदलाला नाकारलं. वरची तिन्ही पदं इस्लामी छात्र शिबिर, म्हणजे जमात-ए-इस्लामीची विद्यार्थी संघटना, हिच्या पाठिंब्यावरच्या पॅनेलने घेतली. मला स्वतःला तो निकाल आवडला नाही, शिबिराची विचारसरणी मला मान्य नाही, पण छात्रदलाला पत्रक काढून जे कळत नव्हतं ते मतपेटीने एका दिवसात सांगितलं, आणि ह्यावेळी पिस्तूल निघालं नाही. दरवर्षी अशी निवडणूक झाली असती तर सोनीच्या वेळचं छात्रदल तसं झालं असतं का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्याकडं १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या खुल्या निवडणुका गेल्या, २०१६ च्या कायद्यात कागदावर परत आल्या. तुमच्या कॉलेजात वर्गप्रतिनिधी सध्या कसा ठरतो, मार्कांवर, सरांच्या पसंतीने का मुलांच्या मताने, ते मला लिहून कळवाल का? बाकीच्या कॉलेजवाल्यांनीही कळवा, पुढच्या अंकात त्यावरच लिहीन.