डबस्टेप ऐकायचंय? आधी मोबाईलचा स्पीकर बंद कर

डबस्टेप म्हणजे लंडनचं, खोल बासवर उभं असलेलं इलेक्ट्रॉनिक संगीत. ते ऐकून ‘नुसता खडखडाट आहे’ म्हणालास, त्यात तुझी चूक नाही. यातला खरा माल तळाच्या बासमध्ये, ४०-५० हर्ट्झच्या आसपास असतो. तो त्या टिचभर स्पीकरमधून निघतच नाही. बरे हेडफोन घे. आपल्या सांगलीत मिरवणुकीला डॉल्बीसमोर छाती हादरते ना, तेच. फक्त इथं गोंगाट कमी, मोकळी जागा जास्त.

सुरुवात स्क्रीमच्या ‘मिडनाइट रिक्वेस्ट लाइन’पासून कर (२००५). वेग मिनिटाला साधारण १४० ठोके, पण स्नेअर (ड्रमचा कडक फटका) पडतो चारांतल्या तिसऱ्या ठोक्यावर, म्हणून गाणं निम्म्या चालीनं रेंगाळल्यासारखं वाटतं. ही ओढाताण एकदा कळली की मान आपोआप डुलते. मग बेंगा आणि कोकीचं ‘नाइट’. बरियलचं ‘आर्केंजल’ मात्र रात्री, एकट्यानं ऐक. बाहेर कृष्णाकाठचा पाऊस असेल तर सोन्याहून पिवळं.

अमेरिकेचा स्क्रिलेक्स? ऐक की, पण नंतर. त्याचा ड्रॉप (ताण वाढवत नेऊन बास एकदम कोसळतो ती जागा) म्हणजे निव्वळ ठेचा, मला दोन घास पुरतो.

आणि एकदा मिरजेला जाऊन तंबोऱ्याची खर्जाची तार जवळून ऐक. स्क्रीम, बेंगा या दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनच्या पोरांचा बास त्यानंतर वेगळाच ऐकू येईल.