स्पॅनिश भविष्यकाळात ‘आर’ का गळत नाही?

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न असा : वर्तमानकाळात ‘आब्लार’मधला (बोलणे) ‘आर’ काढून ‘आब्लो’ होते, तर भविष्यकाळात तो ठेवून ‘आब्लारे’ का म्हणायचे? प्रश्न रास्त आहे, कारण ‘उद्या बोलेन’ या अर्थी ‘मान्याना आब्ले’ हे मला वारंवार ऐकावे लागते, आणि ‘आब्ले’ म्हणजे ‘मी बोललो’!

‘आब्लारे’ हे मुळात दोन शब्द आहेत. लॅटिनमधले ‘कान्ताबित’ (गाईल) आणि ‘कान्तावित’ (गायला) यांतले ब आणि व बोलीत एकसारखे उच्चारले जाऊ लागले, जुना भविष्यकाळ मागे पडला आणि ‘कान्तारे हाबेओ’, म्हणजे जवळजवळ आपले ‘मला गायचे आहे’, या रचनेने त्याची जागा घेतली. त्या ‘हाबेओ’चेच स्पॅनिशमध्ये ‘ए’ झाले. त्याची ‘ए, आस, आ’ ही रूपे अख्ख्या क्रियापदाला चिकटली. व्याकरणकार नेब्रिहाने 1492च्या कास्तिलियन (म्हणजे स्पॅनिश) व्याकरणात ही फोड सांगितली असताना आजची पाठ्यपुस्तके सहा सुटे प्रत्यय घोकायला लावतात, हे मला मुळीच पटत नाही. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये तर ‘तुला देईन’साठी ‘दार ते ए’ असे मध्ये सर्वनाम घालता येई. औपचारिक पोर्तुगीजमध्ये ‘दार-ते-एइ’ अजूनही लिहितात.

संकेतार्थाची (‘बोललो असतो’सारख्या रूपाची) घडण हीच, फक्त साहाय्यक क्रियापद भूतकाळी : ‘आबीआ’मधले ‘ईआ’ उरले आणि ‘आब्लारीआ’ झाले. म्हणूनच ‘येईन म्हणाला’ हे स्पॅनिशमध्ये ‘दिहो के बेन्द्रीआ’ होते. भूतकाळातून पाहिलेला तो भविष्यकाळच आहे.

आता या ‘बेन्द्रीआ’तला द पाहा, कारण खरी गंमत तिथे आहे. ‘बेनिर’ (येणे), ‘तेनेर’ (जवळ असणे), ‘पोनेर’ (ठेवणे) यांतला र-पूर्वीचा स्वर गळाला, न आणि र एकमेकांना भिडले आणि न सोडून र उच्चारताना जिभेने आपोआप द आणला : बेन्द्रे, तेन्द्रे, पोन्द्रे. संस्कृत ‘वानर’चे मराठीत ‘वांदर’ झाले ते याच वाटेने. ‘सालिर’चे (बाहेर पडणे) ‘साल्द्रे’ होते, तिथे ल आणि र यांच्यामध्ये तोच द येतो. जुन्या स्पॅनिशने वर्णविपर्यय करून, म्हणजे न आणि र यांची अदलाबदल करून, ‘तेर्ने’ असाही मार्ग काढला होता, पण तो टिकला नाही. अशा क्रियापदांना ‘अनियमित’ म्हणून दोन्ही काळांचे वेगळे तक्ते देणारे शिक्षक विद्यार्थ्यांचे काम उगाच दुप्पट करतात. ‘तेन्द्र’ हे अंग एकदा कळले की ‘तेन्द्रे’ आणि ‘तेन्द्रीआ’ दोन्ही हाती येतात.