आधी रुग्णांना विचार, आराखडा मग पक्का कर

प्रिय सहकाऱ्यास,
सप्रेम नमस्कार.

तुझा आराखडा दोनदा वाचला. बीड जिल्ह्यातल्या क्षयरुग्णांना रोज मोबाइलवर गोळीची आठवण पाठवायची आणि ६ महिन्यांचे उपचार किती जण पूर्ण करतात ते पाहायचं, हा प्रश्न अभ्यासाला घेण्याजोगा आहे. किती रुग्ण लागतील याचं गणितही चोख आहे. पण शेवटून दुसऱ्या पानावर ‘रुग्णांचा सहभाग’ या मथळ्याखाली एकच ओळ आहे: एथिक्स कमिटीची (संशोधन नैतिक आहे ना हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी मिळाल्यावर १० रुग्णांचं मत घेतलं जाईल. हे पत्र त्या एका ओळीपायी लिहीत आहे. मंजुरीनंतर एक शब्द बदलायचा तरी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. म्हणून कुणी बदलत नाही, आणि रुग्णांनी सांगितलेलं वहीतच राहतं.

कमिटीत सामान्य नागरिक असतोच, असं तू म्हणशील. औषध-चाचण्यांसाठीच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे कमिटीत किमान ७ सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक असतो, हे खरं. पण त्याचं काम तयार आराखडा तपासण्याचं. तुला हवीत ती आराखडा घडवणारी माणसं, ज्यांनी त्या गोळ्या खाल्ल्या आहेत.

ती काय सांगतील याचे दोन नमुने देतो. घरात मोबाइल एकच असतो आणि तो बहुतेक वेळा नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असतो. ‘क्षयरोगाची गोळी घेतली का?’ हा संदेश सासरी आजार लपवलेल्या सुनेच्या दिराने वाचला, तर तिला माहेरी धाडतील. गोळी राहिली बाजूला, संसार उठला. दुसरं, ऊसतोड. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, बाहेर पडतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परतत नाहीत. जुलैत नोंद झालेला रुग्ण चौथ्या-पाचव्या महिन्यात सांगलीच्या किंवा बेळगावच्या फडात असेल. तुझ्या तक्त्यात त्याच्यापुढे ‘उपचार सोडले’ असं लागेल. प्रत्यक्षात त्याच्या गोळ्या संपल्या असतील आणि नव्या गावी त्या कुठून घ्यायच्या, हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल. तेव्हा खरा प्रश्न विसरण्याचा आहे की स्थलांतराचा? हे ठरल्याशिवाय आठवणीच्या संदेशावर पैसा खर्च करू नकोस.

काय मोजायचं, हेही त्यांना विचार. संधिवाताच्या अभ्यासात काय मोजावं हे ठरवणारा ओमेरॅक्ट नावाचा आंतरराष्ट्रीय गट आहे. त्याने २००२ मध्ये पहिल्यांदा रुग्णांना चर्चेत बसवलं. तोवर सुजलेले सांधे मोजले जात, दुखणं मोजलं जाई. रुग्णांनी थकव्याचा विषय काढला आणि पुढच्या काही वर्षांत थकवाही मोजावा अशी शिफारस झाली. तू ‘उपचार पूर्ण’ एवढंच मोजतो आहेस, आणि त्याला माझी हरकत नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्याला ‘पुन्हा कामावर कधी जाता आलं’ हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटू शकतो. तो गोळा करायला एका प्रश्नाचा खर्च आहे.

गडचिरोलीचं उदाहरण आपल्या घरचं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने सुरुवातीला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम केलं. शास्त्राच्या दृष्टीने ते मोलाचं होतं, पण लोकांच्या लेखी तो अग्रक्रमाचा प्रश्न नव्हता. नंतर दवाखाना उभारताना त्यांनी लोकांनाच विचारलं. म्हणून तो गोंडांच्या गावातल्या घरांसारखा बांधला गेला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. मोठ्या इमारतीत शिरायची भीती हेही दवाखान्यात न येण्याचं कारण असतं, हे कुठल्या तक्त्यातून कळलं असतं?

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

८ ते १० जणांचा गट पुरतो. त्यात निम्म्या बायका हव्यात आणि त्यांची निदान पहिली बैठक वेगळी घे, नाहीतर पुरुष बोलतील आणि त्या माना डोलावतील. बहुतेक जण उपचार पूर्ण झालेले असू देत. पण दोन-तीन जण गोळ्या अर्ध्यावर सोडलेले हवेतच. ते शोधायला सगळ्यात अवघड, आणि तुझा अभ्यास त्यांच्याचबद्दल आहे. त्यांतल्या कुणाला अजून खोकला असेल तर आधी तपासणी आणि उपचार पुन्हा सुरू कर, बैठकीचं नंतर पाहू. आशाताईंकडून यादी मागितलीस तर नियमित गोळ्या घेणारे, गोड बोलणारे रुग्ण येतील. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेच रोज भेटतात. म्हणून बरे झालेल्या रुग्णांना विचार, ते आपल्यासारख्या दुसऱ्याला ओळखतात. सरपंच आणि गावपुढारी यांना आदराने भेट, पण गटात बसवू नकोस. उपचार करणारे डॉक्टरही त्या खोलीत नकोत. ज्याच्या हातून गोळ्या घ्यायच्या त्याच्यासमोर तक्रार कोण करील?

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर ‘क्षयरुग्णांची बैठक’ असं चुकूनही लिहायचं नाही. ‘आरोग्य सल्लागार गट’ म्हण. बैठक शाळेच्या ओसरीवर किंवा झाडाखाली, मोकळ्या हवेत घे. सगळे सतरंजीवर बसणार असतील तर तूही सतरंजीवर. वेळ कामाची खोटी होणार नाही अशी, आणि दीड तासाच्या वर नाही.

पैशांची ओळ अंदाजपत्रकात आजच घाल. प्रत्येकाला त्या भागातली त्या दिवसांतली शेतमजुरी, येण्याजाण्याचा खर्च, सोबत आलेल्याचं भाडं, चहा आणि जेवण. पैसे त्याच दिवशी हातात पडले पाहिजेत. ‘महिन्याभरात खात्यावर येतील’ म्हटलंस की पुढच्या बैठकीला निम्मे येणार नाहीत. इथे अडतं ते संस्थेच्या लेखा विभागात: एसटीचं तिकीट चालतं, पण वडापच्या जीपला पावती नसते. तेव्हा अग्रिम रक्कम आणि सहीचं साधं व्हाउचर चालेल, अशी लेखी परवानगी आधीच काढून ठेव. हा कागद नसला म्हणून चांगले चांगले गट दुसऱ्या बैठकीत मोडतात.

बैठकीत तयार प्रश्नावली वाचू नकोस. उपचारांत अडचणी कुठे आल्या ते त्यांना सांगू दे, प्रत्येक अडचण चित्र काढून एका कागदावर घे आणि कागद ओळीने मांड. मग प्रत्येकाला १० चिंचोके दे. जी अडचण मोठी वाटते तिथे जास्त ठेवा, एवढंच सांग. लिहितावाचता न येणारी आजी आणि बारावी झालेला मुलगा यांचं वजन इथे सारखंच पडतं. एखाद्या अडचणीचं उत्तर आधीच माहीत असेल, जसं रिफाम्पिसिन या क्षयरोगाच्या औषधाने लघवी नारिंगी होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, तर तिथल्या तिथे ते सांगून टाक. त्यावर अभ्यास करायचा नाही.

एक भान मात्र ठेव. गटातले लोक तुझे सल्लागार आहेत, अभ्यासातले नोंदवलेले रुग्ण नव्हेत. त्यांचं बोलणं निष्कर्ष म्हणून छापायचं असेल तर त्यासाठी वेगळी मंजुरी आणि त्यांची संमती लागते. नुसता सल्ला घ्यायचा असला तरी कमिटीच्या सचिवांना आधी एक पत्र देऊन ठेव.

दुसरी पूर्ण बैठक संमतीपत्रासाठी राखून ठेव. त्यांच्यातल्याच कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला लाव आणि तू पेन्सिल घेऊन गप्प बस. वाचणारा जिथे अडखळेल तिथे खूण कर. ‘यादृच्छिक पद्धतीने गट निश्चित केला जाईल’ इथे तो नक्की थांबेल. ‘चिठ्ठी टाकून ठरेल, डॉक्टरांच्या मर्जीवर नाही’ म्हटलं की कळतं. तुझ्या मसुद्यात ‘थुंकीचा नमुना’ असं आहे. लोक डबीत थुंकतात! प्रयोगशाळेला हवा असतो छातीतून खोकून काढलेला बेडका. नुसती लाळ आली की तपासणी वाया जाते, रुग्णाला पुन्हा हेलपाटा पडतो आणि एक मजुरी बुडते. तो शब्द बदल. वाचून झालं की ‘समजलं का?’ असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. ‘घरी गेल्यावर बायकोला काय सांगाल?’ असं विचार. त्या उत्तरात जे सुटलं असेल, ते वाक्य पुन्हा लिही.

सही कोणाची, हेही गटाला विचार. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. वसतिगृहांत राहणाऱ्या अनेक मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये सरकारने प्रकल्प थांबवला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक ताशेरे ओढले. आईबाप कुठे आहेत, कधी भेटतील, हे त्या भागातल्या लोकांना ठाऊक असतं. तुझ्याही अभ्यासात १८ वर्षांखालचे रुग्ण येतील आणि त्यांचे आईबाप फडात असतील.

प्रत्येक बैठकीनंतर १५ दिवसांच्या आत एक पान घेऊन परत जा. त्यात तीन रकाने: तुम्ही काय म्हणालात, आम्ही काय बदललं, काय बदललं नाही आणि का. तिसरा रकाना रिकामा ठेवू नकोस. ‘घरपोच गोळ्या या अभ्यासात बसत नाहीत, पैसे नाहीत’ हे तोंडावर सांगितलेलं लोक समजून घेतात, न सांगितलेलं विसरत नाहीत. हीच पानं जपून ठेवलीस तर शोधनिबंधात सहभागाचा भाग लिहिणं सोपं जाईल. त्यासाठी २०१७ ची ग्रिप-२ ही तपासयादी वापर. हेतू, पद्धत, परिणाम, चर्चा आणि काय जमलं नाही याचा विचार, एवढं ती मागते.

आराखडा मला आता पुन्हा पाठवू नकोस, दोन बैठका झाल्यावर पाठव. आणि त्या दसऱ्याच्या आत घे. नंतर गावात म्हातारी माणसं आणि लहान पोरंच उरतात, ज्यांना विचारायचं ती माणसं फडात असतात.

तुझा स्नेहांकित