आजोबांचं एचएमटी जनता घड्याळ पुढे पळतंय

प्रश्न : चावी दिली की चालतं पण दिवसाला अर्धा तास पुढे जातं. दुकानदार म्हणतो मशीन बदला, डायलपण नवीन रंगवून देतो. करू का?

उत्तर : थांबा हो, एवढी घाई नको. इतकं पुढे पळतंय म्हणजे बहुतेक हेअरस्प्रिंगमध्ये (घड्याळाची गती ठरवणारी केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग) चुंबकत्व शिरलंय किंवा तेल लागून तिचे वेढे एकमेकांना चिकटलेत, पहिलं असेल तर डीमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढायचं यंत्र) काही सेकंदांत काम होतं. नाहीतर पूर्ण खोलून सफाई आणि नवीन तेल, तेही सुईच्या टोकाएवढंच, न खोलता अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवणारे असतात त्यांच्याकडे देऊच नका. आणि डायल? पिवळी पडली तरी ओरिजिनलच भारी, रंगवलेली लगेच ओळखू येते. एचएमटी वॉचेस बंद करायचं 2016 मध्येच ठरलं, त्यामुळे एखादा पार्ट बदललाच तर जुना मागून घ्या.