भाकीत बाजारात (एखादी घटना घडेल की नाही, यावरचे करार जिथे खरेदी-विक्री होतात) एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या सामन्यात एखादा खेळाडू '5 किंवा जास्त थ्री-पॉइंटर' (लांबून मारलेले, तीन गुणांचे बास्केट) मारेल, या करारावर 45 सेंट भाव दिसतो. तो महाग की स्वस्त, कसं ठरवायचं?

बरोबर ठरला तर करार 1 डॉलर देतो, चुकला तर शून्य. म्हणजे 45 सेंट भाव = बाजाराच्या मते 45 टक्के शक्यता. आता स्वतःचा आकडा काढा. खेळाडू सामन्यात साधारण 10 थ्रीचे प्रयत्न करत असेल आणि 40 टक्के बसत असतील, तर द्विपद वितरणाने (ठरावीक प्रयत्नांत किती यशस्वी होतील याची शक्यता काढायचं सूत्र; एक्सेलमध्ये BINOM.DIST, हातानेही जमतं) 5 किंवा जास्तची शक्यता सुमारे 37 टक्के येते. भाव महाग आहे.

लोक फसतात ते इथे: सगळं लक्ष टक्केवारीवर, प्रयत्नांकडे कुणी बघतच नाही. तेच 40 टक्के धरून प्रयत्न 7 वर आले, तर शक्यता थेट 10 टक्क्यांच्या आसपास घसरते! त्यामुळे आधी दुखापतींची यादी आणि मिनिटं बघा. सामना एकतर्फी झाला तर चौथ्या क्वार्टरला मुख्य खेळाडू बाकावर बसतात. गेल्या पाच सामन्यांची टक्केवारी मात्र बाजूला ठेवा, नमुना फारच छोटा असतो.

खरेदी-विक्री भावांतला फरक आणि शुल्कही वजा करा. भारतात मात्र 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, तेव्हा हे गणित कागदावरच.