खोलीचे भाडे, सभासदत्व आणि ज्येष्ठांची सवलत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): माझे वय 64 असून पत्नी 59 वर्षांची आहे. उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीला मुलाकडे जाणार आहोत. त्याला रजा नसल्यामुळे नायगरा आणि वॉशिंग्टनचा प्रवास आम्ही दोघेच करू. मुलगा म्हणतो की त्याच्या ट्रिपल ए कार्डावर खोल्या घ्याव्यात. सूनबाईंच्या मते ज्येष्ठांचा दर स्वस्त पडेल. भारतीय पासपोर्टावर हा दर मिळतो का? आणि दोन्ही सवलती एकावर एक लागू होतात का?

उत्तर: पासपोर्ट भारतीय असल्याने काही बिघडत नाही. परदेशी पाहुण्यांना ज्येष्ठांचा दर मिळत नाही, हा गैरसमज बहुधा तेथील राष्ट्रीय उद्यानांच्या ज्येष्ठ पासमुळे पसरला असावा. तो पास 62 वर्षांपुढील व्यक्तींना मिळतो, परंतु केवळ अमेरिकेच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. पर्यटक व्हिसावर आलेल्यांना नाही. हॉटेलांचा ज्येष्ठ दर हा मात्र सरकारी लाभ नसून एक व्यापारी दर आहे, आणि त्यासाठी फक्त वयाचा पुरावा लागतो. पासपोर्टावर जन्मतारीख असतेच.

वयाची अट मात्र प्रत्येक हॉटेल-साखळीची वेगळी आहे. बेस्ट वेस्टर्न 55 वर्षांपासून ज्येष्ठ मानते, चॉइस 60 पासून आणि मॅरियट 62 पासून. म्हणजे मॅरियटमध्ये आरक्षण तुमच्या नावावर हवे, पत्नीच्या नावावर चालणार नाही. बेस्ट वेस्टर्नमध्ये दोघांपैकी कोणाच्याही नावावर चालेल. ज्याच्या वयावर दर घेतला तीच व्यक्ती काउंटरवर ओळखपत्र घेऊन उभी राहिली पाहिजे, हे धरूनच आरक्षण करावे.

चिरंजीवांच्या कार्डाचे उत्तर त्यातच आले. ट्रिपल ए ही 1902 साली शिकागोत स्थापन झालेली मोटारचालकांची संघटना आहे. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत मिळावी, हा सभासदांचा मुख्य हेतू असतो. हॉटेलातील सवलत हा जोडीचा फायदा. तो सभासदासाठी असतो आणि चेक-इनच्या वेळी कार्ड मागितले जाऊ शकते. मुलगा बरोबर नसताना त्याच्या कार्डावरचा दर घेतला, तर काउंटरवरील कर्मचारी तो नाकारून त्या दिवसाचा नेहमीचा दर लावू शकतो. अनेकदा कोणी विचारत नाही हे खरे आहे, परंतु रात्री दहा वाजता परक्या गावात बॅगा घेऊन उभे असताना हा वाद घालण्याची वेळ आई-वडिलांवर का आणावी?

आणखी एक मार्ग एएआरपीचा आहे. एथेल पर्सी अँड्रस या निवृत्त मुख्याध्यापिकेने 1958 साली स्थापन केलेली ही संघटना प्रामुख्याने पन्नाशीपुढील लोकांची आहे आणि सभासदाच्या जोडीदाराला वेगळे शुल्क पडत नाही. मुलगा-सून पन्नाशीच्या पुढे असते तर त्यांनी स्वतःच्या प्रवासासाठी ते अवश्य घ्यावे, असे सांगितले असते. तुम्हाला दोन-तीन मुक्कामांसाठी त्याची गरज नाही, कारण वयाचा दर तुम्हाला विनामूल्यच उपलब्ध आहे.

सवलती एकावर एक मात्र चढत नाहीत. एका खोलीला एका वेळी एकच दर लागतो: ज्येष्ठांचा, ट्रिपल एचा, एएआरपीचा किंवा हॉटेलच्या मोफत सभासदत्वाचा. असे असले तरी मॅरियटच्या बॉनव्हॉयसारख्या मोफत योजनेचा सभासद क्रमांक ज्येष्ठ दराच्या आरक्षणालाही जोडता येतो आणि त्याचे गुण जमा होतात. अट एवढीच, की आरक्षण साखळीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा दूरध्वनीवर झालेले असावे. दलाल संकेतस्थळांवरून घेतलेल्या खोलीवर हे गुण सहसा मिळत नाहीत.

आता सूनबाईंच्या मताविषयी. ज्येष्ठ दर स्वस्त असतो, पण तो सर्वांत स्वस्त असतोच असे नाही. ही सवलत रद्द करता येणाऱ्या नेहमीच्या भाड्यावरून मोजलेली असते. समजा ते भाडे 200 डॉलर आहे आणि ज्येष्ठांना 15 टक्के सूट आहे. दर 170 होईल. त्याच पानावर आगाऊ पैसे भरण्याचा 160 डॉलरचा दर दिसेल, जो रद्द केल्यास एक सेंटही परत मिळत नाही. तुमच्या वयात आणि एवढ्या लांबच्या प्रवासात प्रकृतीची किंवा विमानाची खात्री कोणी द्यावी? वरचे दहा डॉलर देऊन 170 चा दर घेणे मला शहाणपणाचे वाटते. शिवाय रद्द करता येणारे आरक्षण हाती असले, की प्रवासाच्या आठवडाभर आधी पुन्हा दर पाहता येतो. उतरला असेल तर नवे आरक्षण पक्के करून मगच जुने रद्द करावे. गर्दीच्या तारखांना, विशेषतः 4 जुलैच्या म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, ज्येष्ठ दर काही ठिकाणी दिसणारच नाही. तो सदैव देण्याचे बंधन हॉटेलवर नसते.

पूर्वी खोलीचा दर कमी दाखवून शेवटी ‘रिसॉर्ट फी’ किंवा ‘डेस्टिनेशन फी’ चढवण्याची वाईट पद्धत होती. 12 मे 2025 पासून तेथील संघीय व्यापार आयोगाच्या नियमानुसार असे सक्तीचे आकार जाहिरातीतल्या दरातच धरून दाखवावे लागतात. सरकारी कर मात्र नंतर वाढू शकतात, म्हणून दोन दरांची तुलना नेहमी पैसे भरण्याच्या अखेरच्या पानावरील रकमेने करावी.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. चेक-इनच्या वेळी हॉटेल संभाव्य खर्चापोटी कार्डावर काही रक्कम रोखून ठेवते आणि ती सुटायला अनेकदा काही दिवस लागतात. आरक्षण तुमच्या नावावर असेल तर कार्डही तुमच्याच नावाचे असणे सोयीचे. मुलाच्या कार्डावर खर्च टाकायचा असेल तर त्याने हॉटेलकडे आधीच लेखी संमतीपत्र पाठवावे. दुसरी गोष्ट नायगराची. कॅनडाच्या बाजूची खोली स्वस्त आणि खिडकीतून धबधबा दिसणारी मिळाली, तरी कॅनडाचा व्हिसा आणि अमेरिकेत परत येण्याजोगा व्हिसा हाती असल्याखेरीज ती घेऊ नये.

प्रश्न (कोल्हापूर): गोव्यातील एका हॉटेलात खोलीचे भाडे 8,000 रुपये आहे. हॉटेल ज्येष्ठांना 10 टक्के सूट देते. दुसरीकडे, बँकेच्या कार्डाने पूर्ण भाडे भरल्यास 1,000 रुपये नंतर खात्यावर परत मिळणार आहेत. 800 पेक्षा 1,000 अधिक, म्हणून कार्डाची योजना घ्यावी असे माझे गणित आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर: वरवर पाहता बरोबर आहे, पण जीएसटी मध्ये आणला की उलटते. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के आणि त्यावरील खोलीवर 18 टक्के कर आहे. हा टप्पा छापील दरपत्रकावरून ठरत नाही; ग्राहकाकडून प्रत्यक्षात जे भाडे आकारले जाते त्यावरून ठरतो.

ज्येष्ठांची सूट घेतली तर भाडे 7,200 रुपये होते, म्हणजे खोली 5 टक्क्यांच्या टप्प्यात येते. कर 360 रुपये, एकूण 7,560. कार्डाच्या योजनेत हॉटेलचे बिल पूर्ण 8,000 चेच फाटते, त्यावर 18 टक्के म्हणजे 1,440 रुपये कर लागून एकूण 9,440 होतात. बँकेने नंतर 1,000 रुपये परत केले तरी तुमचा खर्च 8,440 राहतो. बँकेने दिलेली रक्कम हॉटेलच्या बिलातून वजा होत नाही, त्यामुळे कर कमी होत नाही. तुमची 800 रुपयांची सूट या ठिकाणी प्रत्यक्षात 1,880 रुपयांची आहे.

हे गणित 7,500 च्या आसपासच्या भाड्यालाच लागू पडते. 4,000 रुपयांच्या खोलीवर दोन्ही बाजूंनी करटप्पा एकच असल्याने तेथे कार्डाची योजना खरोखरच सरस ठरू शकते, आणि 12,000 च्या खोलीवर 10 टक्के सूट मिळूनही कर 18 टक्केच राहतो. परंतु भाडे 7,600 दिसत असेल तर हॉटेलला दूरध्वनी करून शंभर रुपये कमी करण्याची विनंती करायला मुळीच संकोचू नये. 7,600 वर करासह 8,968 रुपये होतात आणि 7,500 वर 7,875. शंभर रुपयांनी तुमचे जवळजवळ अकराशे रुपये वाचतात आणि हॉटेलचे फारसे जात नाही. समजदार व्यवस्थापक हे लगेच ओळखतो. काही हॉटेले ज्येष्ठ दर संकेतस्थळावर न दाखवता दूरध्वनीवरच देतात, त्या संभाषणातच हेही विचारून घ्यावे. आरक्षणाच्या पत्रात सूट वजा केल्यानंतरचे भाडे आणि कर वेगवेगळे लिहून मागावेत.

प्रश्न (पुणे): एका पंचतारांकित हॉटेलच्या वतीने वारंवार दूरध्वनी येतो. वर्षाचे शुल्क भरून सभासद झाल्यास एक रात्र मोफत, जेवणावर सूट आणि खोल्यांवर सूट असे सांगतात. आम्ही दोघे निवृत्त आहोत. घ्यावे का?

उत्तर: तुम्ही त्या हॉटेलात एरवीही जेवायला जात असाल तरच. अशा सभासदत्वाचा खरा लाभ जेवणावरील सवलतीत असतो, आणि तोही टेबलावर किती माणसे आहेत त्यानुसार बदलतो. मोफत रात्रीची कागदावरील किंमत मोठी असते, पण लांब सुट्ट्या आणि वर्षअखेरीचे दिवस वगळलेले असतात. शुल्कावर 18 टक्के जीएसटी वेगळा पडतो. खोल्यांवरील सूट पुन्हा वरच्याच नियमाने चालते: ती नेहमीच्या भाड्यावर असते आणि हॉटेलच्या मोफत सभासदत्वाचा दर काही वेळा तिच्याइतकाच भरतो. त्या हॉटेलच्या संकेतस्थळावर तुमच्या ठरलेल्या तारखांना मोफत सभासदाला काय दर दिसतो, ते आधी पाहावे.

पैसे भरायचेच असतील तर हॉटेलात जाऊन काउंटरवर भरावेत. दूरध्वनीवर कार्डाचा क्रमांक किंवा ओटीपी सांगू नये, पलीकडची व्यक्ती कितीही अदबीने बोलत असली तरी. आणि या वार्षिक सभासदत्वाची गल्लत पंचवीस वर्षांच्या सुट्ट्या विकणाऱ्या योजनांशी करू नये. त्यांत मूळ रकमेखेरीज दरवर्षी देखभाल शुल्क द्यावे लागते, जे निवृत्तांच्या खिशाला सहसा पेलत नाही.

प्रश्न (ठाणे): एसटीत 65 वर्षांवरील प्रवाशांना निम्मे तिकीट आणि 75 वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास आहे. मग हॉटेलांनी ज्येष्ठांना सूट न दिल्यास तक्रार करता येते का?

उत्तर: नाही. एसटीची सवलत हा राज्य शासनाचा निर्णय आहे. 75 वर्षांवरील मोफत प्रवास ऑगस्ट 2022 मध्ये सुरू झाला. खासगी हॉटेलांवर असे कोणतेही बंधन नाही. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा प्रामुख्याने निर्वाहाविषयी आहे, खोलीच्या भाड्याविषयी नाही. हॉटेलने सूट जाहीर केली, तुमच्याकडून त्या दरावर आरक्षण घेतले आणि नंतर ती नाकारली, तर मात्र प्रकरण वेगळे आहे. आरक्षणाचे पत्र आणि बिल जपून ठेवावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

प्रश्न (सोलापूर): वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्डाची प्रत हॉटेलात देणे सुरक्षित आहे का?

उत्तर: आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड आधार’ उतरवून घ्यावे; त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. त्यावर जन्मतारीख पूर्ण छापली आहे ना, हे पाहून घ्यावे, कारण काही जुन्या कार्डांवर केवळ जन्मवर्ष असते आणि साठी नुकतीच ओलांडलेल्या पाहुण्याला त्यावरून दर नाकारला जाऊ शकतो. अशा वेळी पॅन कार्ड किंवा वाहन परवाना बरोबर ठेवावा.