किल्ली कोणाकडे असावी?

कार्यकर्त्यांच्या श्रमांवर चालणाऱ्या कलाकेंद्रांविषयी मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या केंद्रात शनिवार-रविवारी चित्रकला, तबला आणि बालनाट्याचे वर्ग चालतात व महिन्यातून एकदा गाण्याची बैठक होते. सारे काम विनावेतन कार्यकर्ते करतात. आठ वर्षांपूर्वी आम्ही पंचवीस-तीस जण होतो, आज सहा-सात उरलो आहोत. नवी मुले उत्साहाने येतात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनाशी होतात. चिटणीस गावी गेले की किल्लीअभावी वर्गही बुडतात. लोकांमधली सेवावृत्ती संपली, असे समजावे का? (मुलुंड)

उत्तर : तसे समजू नका. तुम्ही जाता जाता किल्लीचा जो उल्लेख केला आहे, तिथेच मला तुमच्या प्रश्नाचे मूळ दिसते. मी ज्या संस्थेचे काम अनेक वर्षे पाहिले, तिथेही किल्ली एकाच गृहस्थांकडे असे आणि ते इतके नेमाने येत, की दुसरी किल्ली करून ठेवावी हे कोणाच्या मनातही आले नाही. एका रविवारी मेगाब्लॉकमुळे ते दीड तास गाडीत अडकले आणि बालनाट्याची मुले पालकांसह जिन्यावर बसून राहिली. त्याच जिन्यावर आमचे चार कार्यकर्तेही उभे होते. दोन-दोन वर्षे येणारी ती माणसे. पण मुख्य स्विच कुठे आहे, हजेरीची वही कोणत्या कपाटात असते, यांतले काहीच त्यांना ठाऊक नव्हते, कारण खुर्च्या मांडण्यापलीकडे आम्ही त्यांच्याकडे काही सोपवलेच नव्हते. आपण आलो नाही तरी कोणाचे काही अडत नाही, हे ज्याला एकदा कळते, तो एक दिवस घरी बसतो. त्याला दोष देता येत नाही.

त्यानंतर आम्ही तीन किल्ल्या केल्या, किल्ली कोणी नेली आणि कधी परत केली याची वही घातली आणि प्रत्येक कामाला सुरुवात व शेवट ठरवून दिला. ‘सभागृह बंद करणे’ हे एक काम. त्याचा क्रम दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लावला : तबल्याला आणि डग्ग्याला गवसणी घातली का, पेटीच्या भात्याच्या कड्या लावल्या का, रंगाच्या ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या का; मग खिडक्या, पंखे, मुख्य स्विच, कुलूप आणि वहीत सही. पहिल्याच महिन्यात आलेली महाविद्यालयीन मुलगीसुद्धा हे काम दुसऱ्या शनिवारी एकटीने नीट करू लागली, आणि त्या सहीनंतर ती केंद्राला ‘आपले केंद्र’ म्हणू लागली. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ‘या, बसा, काही असले की सांगू’ असे म्हणणे म्हणजे त्याला परत पाठवणेच आहे.

दुसरे असे, की जबाबदारी मुदतीची असावी. सहा महिने वर्गाची हजेरी सांभाळायची आणि मग वही पुढच्या माणसाच्या हाती द्यायची, असे सांगितले तर डोंबिवलीहून फोर्टला नोकरीला जाणारा माणूसही होकार देतो. ‘जमेल तेवढे करा’ या निमंत्रणाला मात्र तो घाबरतो, कारण त्याला त्याचा शेवट दिसत नाही. बैठका रात्री साडेआठला बोलावून अकरापर्यंत लांबवू नका. ज्याला शेवटची सोयीची गाडी पकडायची आहे, तो दुसऱ्या बैठकीला येणार नाही. वर्ग सुरू होण्याआधी रविवारी सकाळी पाऊण तास पुरतो, मात्र विषय आदल्या दिवशी कळवलेले असावेत.

मुंबईला असे काम नवे नाही. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, पार्ल्यात 1923 साली लोकमान्य सेवा संघ निघाला, गिरगावात 1935 साली मुंबई मराठी साहित्य संघ उभा राहिला. 1971 साली स्थापन झालेल्या ‘आविष्कार’ने दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिच्यामागची व्यवस्थेची बाजू अरुण काकडे यांनी वर्षानुवर्षे वाहिली. नाटकवाल्यांच्या तोंडी त्यांचे नाव आजही आदराने येते. व्यवस्था पाहणाऱ्याला कलावंताइतकाच मान देण्याची ही रीत तुमच्या केंद्रातही यावी, असे मला मनापासून वाटते. पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर गायक आणि साथीदारांच्या खाली त्या दिवशी दार उघडणाऱ्याचे, सतरंज्या घालणाऱ्याचे आणि हिशेब ठेवणाऱ्याचे नाव छापा.

प्रश्न : काही तरुण कार्यकर्ते प्रवासखर्च मागतात. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की पैसा शिरला की सेवा संपते. शिवाय आमचे एक विश्वस्त स्वतः सतारीचा वर्ग घेतात. त्यांना मानधन द्यावे का? (गोरेगाव)

उत्तर : प्रवासखर्चाची भरपाई आणि मानधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेच्या कामासाठी भाऊचा धक्का ते बोरिवली असा फेरा मारून सामान आणणाऱ्याने गाडीभाड्याचे पैसे खिशातून द्यावेत, अशी अपेक्षा ठेवली तर कालांतराने तुमच्याकडे फक्त ते देणे ज्यांना परवडते तेच लोक उरतील, आणि लोकवस्तीचे म्हणवणारे केंद्र लोकवस्तीतल्या अर्ध्या माणसांना बंद होईल. भरपाई सर्वांना सारखी द्या, व्हाउचरवर सही घ्या आणि वरखर्चाची रक्कम खजिनदाराने दर आठवड्याला मोजावी. ज्यांना घ्यायची नाही त्यांनी ती घेऊन देणगीची पावती फाडावी. वहीत दोन्ही नोंदी दिसल्या म्हणजे केंद्र चालवायला खरोखर किती पैसा लागतो हे समितीला कळते. एरवी हा खर्च कार्यकर्त्यांच्या खिशात दडलेला राहतो आणि नवी समिती आली की अंदाजपत्रक कोसळते.

सतारीच्या वर्गाचा विषय नाजूक आहे. प्रथम संस्थेची घटना पाहा, कारण अनेक घटनांमध्ये विश्वस्तांनी मोबदला घेऊ नये असे स्पष्ट लिहिलेले असते. तसे नसेल, तरी त्यांचा ठराव होत असताना त्यांनी बाहेर थांबावे, मोबदला बाहेरच्या शिक्षकाला दिला असता त्याहून अधिक नसावा आणि हे सारे इतिवृत्तात यावे. विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातेवाइकांना वाजवीपेक्षा जास्त रक्कम दिल्यास संस्थेची आयकर सवलत धोक्यात येऊ शकते. माणूस कितीही सज्जन असला तरी कागद पुरा ठेवा. त्यात त्यांचेही रक्षण आहे.

देणगीदारांविषयी तुम्ही विचारले नाही, तरी एक सांगून ठेवतो : दोन हजार रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच घ्या.

प्रश्न : आमच्या बालनाट्याचा जाहीर प्रयोग शाळेच्या पटांगणात करायचा आहे. कोणत्या परवानग्या लागतील? (परळ)

उत्तर : नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या, आणि ते काम तालमी सुरू होतानाच करा, प्रयोगाच्या आठवड्यात त्यासाठी धावाधाव करू नका. स्थानिक पोलीस ठाण्याची आणि जागेच्या मालकाची लेखी परवानगी हवी. उघड्या जागेत ध्वनिक्षेपक रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत लावता येत नाही, त्यामुळे मुलांचा प्रयोग साडेनऊपर्यंत आटोपेल असा बेत करा. तुमच्या नेहमीच्या सभागृहाबाबत मालकाला एवढे जरूर विचारा, की अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र तो दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून घेतो का. 2006 च्या राज्याच्या कायद्याने ते बंधनकारक केले आहे.

प्रश्न : केंद्रातील एका कार्यकर्तीने एका ज्येष्ठ सदस्याच्या वर्तनाबद्दल तक्रार केली. समितीतले काही जण म्हणतात, की आपण पगारी नोकर नाही, त्यामुळे कायदा लागू होत नाही आणि बाहेर बोभाटा झाला तर संस्थेचे नाव जाईल. (दादर)

उत्तर : समितीतल्या त्या सदस्यांचे म्हणणे चुकीचे आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात मोबदला न घेता, स्वेच्छेने काम करणाऱ्या व्यक्तीही येतात. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तर अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. तिच्या अध्यक्षस्थानी महिला असावी, निम्म्याहून कमी महिला नसाव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा असावा. दहापेक्षा कमी असाल तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. लेखी तक्रारीची मुदत साधारण तीन महिन्यांची आहे, म्हणून ‘थोडे थांबू या’ असे सांगून तिचे दिवस घालवू नका.

तुमच्याकडे लहान मुले येतात, म्हणून आणखी एक. मुलाच्या लैंगिक छळाची माहिती कळल्यावर ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि समितीच्या ठरावाने ते टाळता येत नाही. वर्गात एकटा मोठा माणूस आणि एकटे मूल अशी वेळ येऊ न देणे, हा नियम सर्वांना, अगदी संस्थापकांनाही, लावा. संस्थेचे नाव जपण्याच्या नावाखाली तक्रार करणाऱ्या त्या कार्यकर्तीला गप्प बसवणे मला अतिशय अन्यायाचे वाटते. तिने तक्रार तुमच्याकडे आणली, म्हणजे तुमच्यावर विश्वास ठेवला आहे.

प्रश्न : मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. बावीस वर्षे केंद्राची किल्ली माझ्याकडे आहे. नव्या समितीला भजनाच्या वर्गाऐवजी तरुणांचा काव्यवाचनाचा मंच सुरू करायचा आहे. सभागृहाची पश्चिमेची खिडकी पावसात गळते, कुठला स्विच उडतो, हे मला एकट्यालाच माहीत आहे. किल्ली द्यायला मन धजावत नाही. (विलेपार्ले)

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बावीस वर्षे दर आठवड्याला जाऊन ते दार उघडणाऱ्या माणसाला ‘आता तरुणांना वाव द्या’ असे सांगणे सोपे आहे आणि उर्मटपणाचेही आहे. भजनाच्या वर्गाला येणाऱ्या आजी-आजोबांना बाहेर जायला दुसरे ठिकाण नसेल, तर तुमची काळजी रास्त आहे. समितीपुढे वर्गाची गेल्या वर्षाची हजेरी ठेवा आणि गुरुवारची दुपार त्यांच्यासाठी कायम राखावी असा ठराव मागा. काव्यवाचन संध्याकाळीच होणार, तेव्हा एकाच जागेत दोन्हींना वेळ आहे.

किल्ली मात्र द्यावीच लागेल, आणि ती तुम्ही धडधाकट असताना दिली तर शेजारी उभे राहून शिकवता येईल. विश्वस्त बदलले असतील तर नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची रीतसर नोंद, जायला हवा. तो राहिला की पुढे बँकेत सहीवरून अडते आणि पंधरा-पंधरा वर्षांचे जुने कागद शोधत हिंडावे लागते. हे काम नव्या चिटणिसाला सोबत घेऊन तुम्हीच पुरे करून द्या.

आणि एक वही घाला. कोणत्या देणगीदाराला पत्र चालत नाही आणि फोनच करावा लागतो, पेटी कोण दुरुस्त करतो, मे महिन्याच्या शेवटी गच्चीवर काय पाहून घ्यायचे, हे सारे तिच्यात उतरू द्या. दर रविवारी त्या नव्या मुलांपैकी एकाला समोर बसवून सांगत जा आणि त्यालाच लिहू द्या. सुरुवात पश्चिमेच्या खिडकीपासून करा, पाऊस तोंडावर आला आहे.